वाघजाई तालमीची पहिली निवड

"...पण वस्ताद, घ्यायचा एकच आहे. घेऊ कुणाला?"

लाल मातीच्या हौद्याच्या कडेला मांडी घालून हरबा वस्ताद लिंबं चिरत बसले होते. शेजारी ताकाची कळशी, हळदीचा डबा. आज कुस्तीची माती कालवायची होती.

त्यांनी एक अख्खं लिंबू उचललं आणि समोर उभ्या असलेल्या धैर्यशीलकडं फेकलं.

लिंबू त्याच्या छातीवर आदळून खाली पडलं.

"हे काय, वस्ताद?"

"लिंबू. सांग पुढं."

कोल्हापुरात तालीम म्हटली की कुस्ती आणि फुटबॉल एकाच छपराखाली नांदतात, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. वाघजाई तालमीत पैलवान आता मोजकेच उरले होते, पण फुटबॉलचा संघ जोरात होता. निदान आवाज तरी जोरात होता. हरबा वस्तादांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता. तरी पोरं अडली की त्यांच्याकडंच यायची.

धैर्यशील सरनोबत हा त्या संघाचा प्रशिक्षक. याच तालमीत खेळून मोठा झालेला, पुण्याला जाऊन प्रशिक्षणाचे धडे घेऊन आलेला. गळ्यात कायम शिट्टी. तो हुशार होता, यात शंका नाही. आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच माहीत होतं, एवढीच अडचण.

यंदा पेठापेठांच्या स्पर्धेत नवा नियम आला होता. नव्या खेळाडूंची पळवापळवी बंद. सगळ्या तालमींनी संध्याकाळी एका सभागृहात बसायचं आणि पाळीपाळीनं एकेक नाव उचलायचं. प्रत्येकाला एकच. गेल्या वर्षी जो शेवटी आला, त्याची पाळी पहिली.

वाघजाई शेवटी आली होती.

"एक आहे रेहान शिकलगार," धैर्यशील म्हणाला. "पुढं खेळतो. वस्ताद, असा पोरगा मी बघितला नाही. चेंडू पायाला बांधल्यासारखा पळतो. तिघं अंगावर आले तरी मधनं निघून जातो."

"मग घे की."

"पण आमच्याकडं पुढं खेळणारे आहेत. कमी आहे ती गोलात. गेल्या वर्षी नंतर नंतर तर आम्ही कुणालाही उभं केलं. दुसरा पोरगा आहे प्रणव चौगुले. गोलकीपर. उंच आहे, डोकं थंड. चमकदार नाही, पण भरवशाचा."

"मग त्याला घे."

"आणि रेहानला सोडू? पुढची पाळी बुधवार चौकाच्या तालमीची. ते त्याला डोळे मिटून उचलतील. मग तो वर्षभर आमच्यावरच गोल मारत बसेल!"

वस्ताद हसले. पोट हलेपर्यंत हसले.

"म्हंजे ह्याला घेतला तर उघड्या गोलातनं घरात चोर, आणि न्हाई घेतला तर दारात चोर."

"चेष्टा नका करू, वस्ताद." धैर्यशीलचा आवाज चढला. "सलग दुसऱ्या वर्षी शेवटी आलो तर खालच्या गटात जाणार आपण. तुमच्या हयातीत वाघजाई कधी खालच्या गटात खेळलीय का?"

वस्तादांचा चाकू थांबला.

"न्हाई."

"मग? हे माझ्या हातनं झालं तर या दारात उभं राहायला मला तोंड नाही. पोरांनी चौकात रेहानचा फलक लावायची तयारीसुद्धा केलीय. सगळी पेठ म्हणते, गुणी पोरगा सोडू नको. माझं शिक्षण सांगतं, संघाची गरज बघ. माझं डोकं फुटायची वेळ आलीय."

"पायातलं काढ," वस्ताद म्हणाले.

"काय?"

"बूट काढ. खोरं घे. माती उकर."

"आत्ता? वस्ताद, मला संध्याकाळी नाव द्यायचंय!"

"उत्तर पायजे का न्हाई?"

धैर्यशीलनं बूट काढले. मोजे काढले. शिट्टी काढून खुंटीला लावायला गेला, तर एका खुंटीवर आधीच काहीतरी जुनं लोंबत होतं. तिकडं न बघता त्यानं दुसरी खुंटी धरली.

वाघजाईची एक रीत होती. पैलवान असो की फुटबॉलवाला, सकाळी तालमीत आला की आधी हौद्यातली माती उकरायची. सगळे एका रांगेत. प्रत्येकाची जागा ठरलेली, हातभर रुंद पट्टी. ज्यानं त्यानं आपली पट्टी दारापासून भिंतीपर्यंत उकरायची, मग खेळायला जायचं. कुणी कितीही गोल मारलेले असोत, पट्टी सुटायची नाही.

ही रीत धैर्यशीलनं बंद केली. प्रशिक्षक झाल्यावर पहिल्याच आठवड्यात. फुटबॉलला पाय लागतात, माती उकरून कंबर धरते, असं त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं. वस्तादांनाही समजावलं. वस्तादांनी मान हलवली होती. ती होकाराची होती की कशाची, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

आता तोच खोरं घेऊन दाराकडच्या कडेला वाकला.

पहिला घाव बसला तसा खोऱ्याचा दांडा हातात झणझणला. माती वरनं लाल दिसत होती, आतनं आवळून बसली होती. मधला पैलवानांचा भाग तेवढा बरा होता. बाकी सगळ्या पट्ट्या घट्ट.

"कडक झालीय," तो धापा टाकत म्हणाला.

"हं."

"पाणी मारायला पाहिजे."

"हं."

तो उकरत राहिला. सदरा भिजला, तो काढून त्यानं कडेला टाकला. घाम डोळ्यांत उतरू लागला. वस्ताद लिंबं चिरत होते आणि चिरलेली फोड मातीत पिळत होते, जणू दुसरं कुणी तिथं नव्हतंच.

"बोला की काहीतरी," धैर्यशील खोऱ्यावर रेलला. "गुण बघू की गरज बघू?"

"तुला काय वाटतंय?"

"सकाळी वाटतं रेहान. दुपारी वाटतं प्रणव."

"आणि रातच्याला?"

"रात्री झोप लागत नाही."

"बरं."

धैर्यशील चिडला. उन्हातान्हाचा आला होता, कंबर खरंच धरली होती, आणि समोरचा म्हातारा लिंबं पिळत होता.

"राग मानू नका, वस्ताद, पण हे तुम्हाला नाही कळायचं. कुस्ती एकट्याची असते. जिंकला तो एकटा, हरला तो एकटा. फुटबॉल अकरा जणांचा खेळ आहे. इथं एकाचा हिशेब अकरा जणांत धरावा लागतो."

बोलून गेल्यावर त्यालाच कसंतरी झालं. वस्तादांशी असं कुणी बोलत नसे.

"अकरा जणांचा," वस्ताद सावकाश म्हणाले. "हे लक्षात ठेव. उकर."

पट्टीमागून पट्टी करत तो मारुतीच्या कोनाड्याकडं सरकला. शेवटून दुसऱ्या पट्टीवर खोरं मारलं आणि ते उडून मागं आलं. पुन्हा मारलं. चिमूटभर माती निघाली. सगळ्या हौद्यात इतकी कठीण जागा दुसरी नव्हती.

"ही तर दगड झालीय!"

"कुणाची पट्टी ती?"

धैर्यशील वाकलेलाच राहिला. कोनाडा बघितला, खांब बघितला. लहानपणापासून तो याच खांबाला टेकून मोजे चढवायचा.

"...माझी."



त्यानं दात खाऊन ती पट्टी उकरली. जेवढी निघाली तेवढी. तळहाताला फोड आला, फुटला. मग तो शेवटच्या पट्टीकडं वळला, अगदी कोपऱ्यातल्या, आणि सवयीनं सगळा जोर लावून घाव घातला.

खोरं दांड्यापर्यंत आत गेलं. तोल जाऊन धैर्यशील गुडघ्यावर आला.

माती मऊ होती. पिठासारखी. त्यानं मूठ भरून घेतली. ओलसर, थंड, लिंबाचा ताजा वास. ढेकूळ म्हणून नव्हतं.

"हा कोपरा कोण उकरतं, वस्ताद?"

"ज्याचा हाय त्यो."

"कुणी पैलवान?"

"न्हाई."

"मग..."

धैर्यशीलनं वर बघितलं. मघाशी ज्या खुंटीकडं त्यानं लक्ष दिलं नव्हतं, तिच्यावर हातमोजे लोंबत होते. गोलकीपरचे. अंगठ्याशी जाड दोऱ्यानं शिवलेले. ती शिवण त्याच्या ओळखीची होती.

त्याच्या पट्टीच्या शेजारची पट्टी सर्जेरावची.

सर्जेराव माळी. वाघजाईचा गोलकीपर, धैर्यशीलच्या बरोबरीनं तालमीत आलेला. एक पुढं गोल मारायचा, दुसरा मागं अडवायचा. गेल्या वर्षी एका सामन्यात बरोबरी झाली असती तरी पुढचं सगळं निभावलं असतं. शेवटच्या मिनिटाला ओला चेंडू सर्जेरावच्या हातातनं निसटला. त्यानंतर तालमीच्या पायरीवर, सगळ्या पेठेदेखत, धैर्यशीलनं त्याचे हातमोजे हिसकावून गटारीत फेकले. उद्यापासून खेळायला यायचं नाही, म्हणाला.

सर्जेराव पायरी उतरून निघून गेला होता. वाघजाईचा गोल तेव्हापासून उघडा पडला.

"तो येतो इथं?" धैर्यशीलनं विचारलं.

"रोज. उजाडायच्या आधी."

"पण मी त्याला सांगितलं होतं..."

"खेळायला येऊ नको, म्हणालास. माती उकरू नको असं कुठं म्हणालास?"

"आणि हे मोजे?"

"त्यानंच उचलले गटारीतनं. धुतले. म्हणाला, वस्ताद, तालमीचे हायत, तालमीतच ऱ्हाऊ द्यात."

धैर्यशीलला वाटलं, हे ऐकण्यापेक्षा एक थोबाडीत बसली असती तर बरं झालं असतं. तो मातीत बसून राहिला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी रेहानचं नाव घेऊन ओरडलं, दोघं-चौघं हसले, आणि गाडी निघून गेली.

"तुम्ही मला बोलला नाहीत कधी."

"तू इचारलंस कधी? आजबी तू इचारलंस ते ह्या दोघांतला कोण, एवढंच."

"वस्ताद, पण तो चेंडू त्याच्या हातातनं सुटला होता. सगळ्यांनी बघितलं."

"सुटला की. मी कुठं न्हाई म्हणतोय." वस्तादांनी चाकू बाजूला ठेवला. "त्या वक्ताला त्याच्या म्होरं कोण हुतं?"

"कुणी नव्हतं. तिघं एकट्यावर धावून आले."

"आपली पोरं कुठं गेल्ती?"

धैर्यशीलनं हातातली माती चिवडली.

"कुठं गेल्ती, धैर्यशील?"

"पुढं." त्यानं मान खाली घातली. "मीच बोलावली होती. बरोबरी पुरत होती, पण मला जिंकायचं होतं."

"अकरा जणांचा खेळ," वस्ताद म्हणाले. "मग त्यो एकटाच कसा हरला?"

पुण्याच्या धड्यांत हा प्रश्न नव्हता.

धैर्यशीलनं खाली पडलेलं मघाचं लिंबू उचललं आणि हातात फिरवलं.

"हे मला का फेकून मारलंत?"

"सकाळी सर्जावर फेकतोय रोज. त्यो उकरत असतोय, खाली मान घालून. मी कुठनंबी फेकतोय. पाठीमागनं सुदिक."

"मग?"

"अजून एक मातीत पडू दिलं न्हाई भाद्दरानं."

धैर्यशीलच्या तोंडावर एकदम उजेड पडला. तो उठून उभा राहिला. हुशार माणसाचं डोकं अशा वेळी फार लवकर चालतं.

"मग सुटलंच की सगळं! गोलात सर्जेराव. त्याचं नाव अजून आपल्याच तालमीकडं आहे. रेहान घेऊन टाकतो. गुणही आला, गरजही भागली! मी आत्ताच कुणाच्या तरी हाती निरोप धाडतो त्याला, उद्यापासून ये म्हणून..."

वस्तादांनी त्याच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

"निरोप?" ते म्हणाले.

धैर्यशीलचं बोलणं तिथंच तुटलं. त्यानं हातातल्या लिंबाकडं बघितलं, मग खुंटीकडं.

"...मलाच जायला पाहिजे."

"हं."

"आणि निवडीच्या आधी. तो येतो म्हणाला तरच मला रेहानला घेता येईल. नाही म्हणाला, तर प्रणव. मग रेहान गेला हातचा. म्हणजे सगळं त्याच्याच हातात."

"गोल राखणाऱ्याच्याच हातात असतंय."

"तो नाही म्हणू शकतो, वस्ताद. मी असतो तर म्हणालो असतो."

"तू म्हणाला असतास, खरं हाय."

"आणि तो बसतो चौकात. सायकलच्या दुकानात. रेहानचा फलक लावायचाय त्याच्या समोरच. सगळी पोरं तिथंच जमलेली असणार आत्ता. सगळ्यांच्या देखत..."

"मोजे फेकलेस तवा कोण बघत न्हवतं व्हय?"

धैर्यशीलनं मान वर केली. चेहरा तसाच होता, मातीनं माखलेला, घामानं ओघळलेला, पण मघापासूनची त्याची ती दोन्हीकडं ओढली जाणारी नजर गेली होती. जायचं ठरलं की पावलं हलकी होतात, तसं झालं असावं.

"जातो," तो म्हणाला. "हसले तर हसू देत. सगळ्यांसमोर फेकले होते, सगळ्यांसमोर हातात देतो. तो नाही म्हणाला तर प्रणवचं नाव देईन आणि पेठेच्या शिव्या खाईन. पण आता त्याला विचारल्याशिवाय मी कुणाचंच नाव देणार नाही."

वस्तादांनी नवं लिंबू घेतलं आणि चिरलं.

धैर्यशीलनं सदरा झटकून अंगात घातला. बूट घातले. खुंटीवरचे हातमोजे काढले आणि दोन्ही हातांनी धरले, देवाचा प्रसाद धरावा तसे. शिट्टी खुंटीवरच राहिली. ती विसरली की मुद्दाम ठेवली, हे त्यालाच ठाऊक.

दारापर्यंत तो ताठ गेला. उंबऱ्यापाशी मात्र पाय अडखळले. त्यानं आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळं सुरुवात कशी करतात हे त्याला खरंच माहीत नव्हतं.

"वस्ताद..."

"काय?"

"त्याला काय सांगू?"

वस्तादांनी लिंबू मातीत पिळलं. शेवटचा थेंब निघेपर्यंत पिळलं.

"सांग, सर्जा, तुझ्या शेजारची पट्टी लई कडक झालीया."